चष्मा काढून काय दिसतंय

सावित्रम्माला चष्मा काढून मोबाईल बघायला लावनारा जगात एकच मानूस व्हता, तो म्हंजे तिचा धाकटा पोरगा नंदीश. बाकी सगळी म्हनायची चष्मा घाल, चष्मा घाल. डाक्टर म्हनला घाल, थोरला भीमाशंकर म्हनला घाल, सून शिवलीला तर हुडकून हातात आनून द्यायची. आनि ह्यो नंदीश यायचा, आईच्या नाकावरचा चष्मा आपल्या हातानं काढायचा, मोबाईल लांब धरायचा आनि इचारायचा, "अव्वा, काय दिसतंय सांग."

"काय दिसनार बाबा, धुकं दिसतंय."

"धुक्यात पहिलं काय दिसतंय?"

मग ती डोळे बारीक करायची, मान वाकडी करायची आनि म्हनायची, "काय तर गोल हाय बघ. भाकरीवानी."

की ह्यो खूश. "जमलं!" म्हनायचा आनि चष्मा परत तिच्या नाकावर बसवायचा. कशाला खूश झाला ते तिला कधी कळलं न्हाय. आईला मोतीबिंदू झालाय, त्यात खूश व्हन्यासारखं काय हाय? ऑपरेशनचं काढलं की म्हनायचा, "करू की अव्वा, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की करू. तवर मला तुझं हेच डोळे पायजेत."

नंदीश आता न्हाय. हे एकदा लिहून झालं, आता पुढचं सांगता येईल.

सावित्रम्मा अक्कलकोटकडची. लग्न करून सोलापुरात आली तवा तिला निस्तं कानडी येत व्हतं. मराठी शिकली ती शेजारनीबरं भांडून. नवरा मल्लप्पा मिलमधी व्हता, मिल बंद पडली, मग कुटं कुटं वॉचमनकी केली, आनि एक दिवस त्योबी गेला. शेळगीत दोन खोल्याचं घर, म्होरं पत्र्याचं शेड, शेडात चूल. त्या चुलीवर तिनं दोन पोरं मोठी केली. कडक भाकरी करायची ती. ज्वारीची, पातळ, भाजून भाजून अशी करायची की हातात धरली तर पापडावानी कडाकड मोडावी. महिना महिना टिकते. लग्नाघरी, खानावळीत, पुन्याला शिकाय गेलेल्या पोरांच्या डब्यात तिचीच भाकरी. संगट शेंगाची चटनी, उखळात कुटलेली, तेल सुटंस्तवर.

तिचं आनि एक सांगायला पायजे, न्हाय तर पुढचं कळनार न्हाय. तिला मोकळी जागा बघवत नव्हती. तिच्या भिंतीवर खिळा मारायला जागा न्हाय. सिद्धरामेश्वर हाय, बसवेश्वर हाय, काशीचा फोटो हाय, किराना दुकानाची जुनी कॅलेंडरं हायत. साल संपलं की लोक कॅलेंडर काढत्यात, ही म्हनायची देवाला कसं काढू? मग नवं त्याच्या शेजारी लावायचं. फळीवर डबं, डब्यावर डबं. मोकळी भिंत दिसली की तिला वाटायचं त्या घरातनं कोन तर उठून गेलंय.

आनि पोटचं पोरगं निघालं नेमकं उलटं.

नंदीश फ्लेक्स छापायच्या दुकानात डिझाईन करायचा. सोलापुरात कुनाचा वाढदिवस असो, कुनाची निवड असो, चौकात फ्लेक्स लागतोच. लोक यायची, खुर्ची वढून त्याच्या खांद्याला खांदा लावून बसायची, आनि कामप्युटरकडं बोट दाखवून म्हनायची, "हितं माझ्या मेव्हन्याचा फोटो बसतोय की."

"न्हाय बसत हो."

"सगळ्यांची डोकी बारीक कर की मग."

दिवसभर असली डोकी बारीक करून करून त्याचं डोकं मोठं व्हायचं. घरी येऊन म्हनायचा, अव्वा, आज एका फ्लेक्सवर एवढी मानसं बसवली की ज्याचा वाढदिवस त्योच सापडंना. सावित्रम्मा म्हनायची, मग चांगलं की, सगळी आली. तो कपाळाला हात लावायचा.

मोबाईलवरनं बघून बघून तो वेबसाईट बनवायला शिकला. पहिली वेबसाईट आईच्या भाकरीची करायची म्हनून बसला. त्याची बायको शिवलीला नवी नवरी, अजून मूलबाळ न्हाय, ती बाजूला शेंगा सोलत बसायची आनि मायलेकाचं भांडन ऐकून हसायची.

"अव्वा, वेबसाईट म्हंजे आपलं दुकान, पन मोबाईलात."

"शटर कुटं हाय?"

"शटर न्हाय. कायम उघडं."

"आनि चोर?"

"चोर आला तर भाकरी मागवूनच जाईल, काळजी करू नको."

त्यानं सगळं पान पांढरं ठेवलं, ज्वारीच्या पिठासारखं. उजव्या अंगाला भाकऱ्यांच्या चळतीचा मोठा फोटो. वर नाव, ठळक. त्याच्याखाली बारीक अक्षरात दोन वळी. आनि खाली एक लाल बटन, 'भाकरी मागवा'. बटन दाबलं की फोन नंदीशच्या नंबरावर. संपलं. डावीकडं नाव आनि बटन सोडलं तर मोठीच्या मोठी जागा मोकळी.

सावित्रम्मा चष्मा लावून बघत बसली. मग म्हनली, "रंग संपलं व्हय रं?"

"दोनच रंग ठेवायचेत. पांढरा आनि लाल. लाल निस्ता बटनाला."

"जरा पिवळं घाल, निळं घाल. साडीलाबी काठ येगळा, पदर येगळा, अंग येगळं असतंय. लोक म्हनतील कोन तर गरीब दिसतंय."

"अव्वा, तू चटनीत मिरची घालतीस. भाकरीत घालतीस का?"

"भाकरीत कोन मिरची घालंल? येडा झालास का?"

"तेच की."

"तेच काय?"

"लाल सगळीकडं घातलं की बटन दिसत न्हाय."

तिनं लई इचार केला. मिरचीचा आनि बटनाचा काय संबंध, ते काय तिला लागलं न्हाय. पोरानं सांगितलं की अक्षरं सगळी डावीकडं एका रेघेला लावलीत, म्हंजे वाचनाऱ्याचा डोळा घसरत न्हाय. ती म्हनली, मग उजवीकडं ती वाकडीतिकडी का संपत्यात? तो डोकं खाजवत म्हनला, "ते... ते तसंच असतंय." शिवलीला तोंडावर पदर धरून हसली.

"आनि ही एवढी जागा कुनासाठी सोडलीस?"

"कुनासाठी न्हाय. मोकळी हाय. श्वास घ्यायला."

"वेबसाईट श्वास घेती?"

"बघनारा घेतो."

"शिवा शिवा," सावित्रम्मा म्हनली. "एवढ्या जागेत आख्खं खानदान बसलं असतं."

"म्हनून तर सोडली."

मग त्यानं चष्मा काढायला लावला, काय दिसतंय इचारलं, ती म्हनली गोल काय तर हाय भाकरीवानी, खाली एक लाल ठिपका हाय. आनि तो खूश झाला. ते वर सांगितलंच हाय.

दसऱ्याला वेबसाईट उघडली. दिवाळीत आर्डरी आल्या. पुन्यातनं, मुंबईतनं, कुटल्या कुटल्या बायांचे फोन. शिवलीला डबं भरायची, नंदीश कुरियरला टाकून यायचा. सावित्रम्मा चुलीम्होरनं उठायची न्हाय. आनि दिवाळी सरती न सरती तोच नंदीशला ताप आला. ताप आला, चढला, दवाखान्यात नेला, आनि दवाखान्यातनं आनला तो तसाच आनला. लिंगायताच्या रीतीनं कपाळाला विभूती लावून पोराला मातीत बसवला. सावित्रम्माला लोक धरून व्हती आनि ती इचारत व्हती, ह्याला ऊन लागतंय, डोक्यावर काय तर धरा की.

शिवलीलाचा बाप चनमल्लप्पा जेऊरहून आला व्हता. वाईट मानूस न्हाय. लेकीचं बघनार न्हाय तर कुनाचं बघंल? जाताना उंबऱ्यात थांबून म्हनला, "ईहीनबाई, मी गड्ड्याच्या जत्रेला येतो. तवा लीलाला घेऊन जातो. हितं पोरीनं कशाच्या जिवावर राहायचं? भाकरीचं काम पुढं चाललं तर गोष्ट येगळी. न्हाय तर जेऊरला आमी हाय."

तो गेल्यावर शिवलीला म्हनली, "आत्या, मला जायचं न्हाय. हे एवढं त्यांनी मांडून ठेवलंय. पन आर्डरी आल्या तरच मला अप्पाला काय तर सांगता येईल."

सावित्रम्मानं निस्तं तिच्या पाठीवरनं हात फिरवला. भीमाशंकर तिकडं जुळे सोलापूर वस्तीत आपल्या बायकापोरांत. ही गेली तर ह्या घरात चूल आनि ती. तिच्या डोक्यात तेवढं एकच बसलं, लीला जायला नको.

आता फ्लेक्सचं. भीमाशंकरनं चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला. सावित्रम्मा रोज तितं जाऊन उभारायची. रस्त्यावरची रिक्षा हॉर्न मारायची, ही हलायची न्हाय. पोराचं तोंड एवढं मोठं तिनं कधी बघितलंच नव्हतं, दाढीचा एक एक केस दिसत व्हता. मग एक दिवस वारं सुटलं आनि दुसऱ्या दिवशी फ्लेक्स जाग्यावर न्हाय. कुनालाच म्हाईत न्हाय कुटं गेला.

तिला सापडला बाजारात. शिवबाई म्हनून पालेभाजीवाली बसायची, तिनं उन्हाला आडोसा म्हनून चार काठ्यावर बांधला व्हता. उलटा, दुमडून. एका कोपऱ्यातनं नंदीशचा अर्धा गाल आनि एक डोळा खाली मेथीकडं बघत व्हता.

"काय पायजे मावशी? मेथी ताजी हाय."

"हे वर... हे वर घातलंय ते..."

"व्हय, फ्लेक्स हाय. लई घट्ट असतंय. ऊन बिलकुल लागत न्हाय."

सावित्रम्मानं मेथीची जुडी उचलली. शिवबाईचं काय चुकलं? आनि पोराच्या डोक्यावर ऊन नको म्हनून तीच वरडली व्हती, आता पोरगं दुसऱ्याचं ऊन झेलालंय. ती मेथी घेऊन घरी आली. मेथी घरात व्हतीच.

संध्याकाळी भीमाशंकर आला तवा म्हनली, "भीमा, त्याचं तोंड आता कुटं ठेवू?"

भीमाशंकरनं इचार केला. म्हनला, "अव्वा, वेबसाईटवर ठेवू. तितं वारं न्हाय, ऊन न्हाय, काढून नेनारं कोन न्हाय. आख्खी दुनिया बघंल."

आनि सावित्रम्माला एकदम उजाडल्यासारखं झालं. "व्हय की रं! जागाबी हाय तितं. त्यानंच सोडलीया."

शिवलीला म्हनली, "आत्या, ती जागा त्यांनी तशीच मोकळी..."

"मोकळी कोन सोडतं बाई? त्याला म्हाईत व्हतं. मी इचारलं कुनासाठी, तर सांगितलं न्हाय. आईला कसं सांगंल?"

शिवलीलानं शेंगाचं सूप पुढं वढलं. 

फ्लेक्सच्या दुकानातला युवराज, नंदीशचा दोस्त, त्याला वेबसाईटचं सगळं म्हाईत. त्याला बोलावला. तो आला, चा घेतला, कामप्युटर मांडीवर घेऊन बसला आनि बसूनच राहिला. म्हनला, "काकू, नंद्याचं म्हननं असायचं की..."

भीमाशंकर म्हनला, "काय बे युवराज, मेलेल्या मानसाला त्याच्याच दुकानात जागा न्हाय व्हय?"

मयत झालेल्या घरात न्हाय कसं म्हनायचं? युवराजनं केलं. आनि फ्लेक्सवाल्यानं करावं तसं केलं. मोकळी जागा पुरंना म्हनून भाकरीचा फोटो खाली ढकलला. नंदीशचं मोठं तोंड, भवतीनं झेंडूचा हार, वर लाल ठळक अक्षरात 'लिंगैक्य नंदीश मल्लप्पा', खाली दोन समया. सावित्रम्मानं चष्मा पुसला, मोबाईल नाकाला लावला आनि त्या तोंडावरनं बोट फिरवलं. बोट फिरवलं की फोटो वर सरकायचा, ती परत खाली आनायची. "आता बरं झालं," म्हनली. "घर भरल्यासारखं दिसतंय."

नंदीशचा फोन तिच्याजवळच असायचा, कंबरंला. आनि फोन याय लागले. पहिल्यापेक्षा जास्त.

"हॅलो, नंदीशची आई बोलालीय."

"काकू, वेबसाईटवर बघितलं, लई वाईट वाटलं हो. कसं झालं?"

मग ती सांगत बसायची. ताप कसा आला, काय म्हनला, शेवटी पानी कुनी पाजलं. त्या बाया रडायच्या, ही रडायची. फोन ठेवला की तिला हलकं वाटायचं. कुटली कोन नाशिकची बाई, तिनं तिच्या पोरासाठी डोळ्यात पानी आनलं. भीमाशंकरला सांगायची, "भीमा, लई चाललीया बघ वेबसाईट. फोनवर फोन."

तिकडं शेडात ज्वारीचं पीठ तसंच. शिवलीला डबं पुसून ठेवायची, परत काढून पुसायची. एक दिवस चुलीम्होरं तोंड करून रडालती.

"का गं लीला? आठवन आली?"

"आत्या, आर्डर एक न्हाय."

"एवढे फोन येत्यात की!"

"फोन येत्यात. भाकरी कोन मागतंय?"

सावित्रम्मा गोंधळली. फोन येतोय, मानसं चांगली बोलत्यात, पोराचं नाव घेत्यात, आनि भाकरी कशी मागत न्हायत? तिला वाटलं लोक इसरत असतील रडन्याच्या नादात. दुसऱ्या दिवशी एका बाईनं फोन केला तवा हिनं रडता रडता आपनच इचारलं, "किती पायजेत?" पलीकडची बाई गडबडली. "न्हाय न्हाय काकू, तुमी ह्या टायमाला काय करू नका," म्हनली आनि फोन ठेवला. सावित्रम्माला आनिकच कळंना. करू नका म्हंजे? भाकरी केली न्हाय तर करायचं काय?

संक्रांत जवळ आली. बाजरीच्या तीळ लावलेल्या कडक भाकरीला हाच टाईम असतोय, दर वर्षी चूल इझायची न्हाय. आनि गड्डाबी तवाच. चनमल्लप्पाचा फोन येऊन गेला, निघतो म्हनून. शिवलीलानं कापडाची पेटी खाली काढली, उघडली न्हाय, पन खाली काढली. सावित्रम्मा त्या पेटीला वळसा घालून चालायची.

मोहोळच्या पद्मजाबाई म्हनून शाळंत शिकवायच्या, दर संक्रांतीला सावित्रम्माच्याच भाकऱ्या न्यायच्या. त्यांचा फोन आला. तेच, लई वाईट वाटलं, नंदीश किती गुनी. सावित्रम्मा म्हनली, "बाई, औंदा भाकरी न्हाय का सांगितली?"

"अहो, मी दुसरीकडनं घेतली. तुमचं बंद झालं म्हनून."

"कोन म्हनलं बंद झालं?"

"कोन कशाला म्हनायला पायजे? उघडलं की हार घातलेला फोटोच दिसला. पुढं बघायचं धाडसच झालं न्हाय. अशा घरात भाकरी मागायची म्हंजे... आपल्यालाच कसं तर वाटतं."

सावित्रम्मानं फोन ठेवला आनि तशीच बसली. मग उठून शिवलीलाला म्हनली, "त्या युवराजला बोलीव."

युवराज दुकानातनं पळतच आला. त्याला वाटलं कुनाला काय झालं. सावित्रम्मानं सगळं सांगितलं. तो मान खाली घालून म्हनला, "काकू, मला म्हाईत व्हतं. पन तुमाला कसं सांगू?"

"आता सांग."

"मानूस पान उघडतो ना, तवा त्याचा डोळा सगळ्यात मोठ्या गोष्टीवर जातो पहिला. मग जे येगळं उठून दिसतंय त्याच्यावर. मग बारीक गोष्टी. पहिल्या झटक्यात जे दिसलं तेच तो धरतो. नंद्यानं भाकरी मोठी ठेवली व्हती, भवती मोकळं सोडलं व्हतं, म्हंजे दुसरं काय मधी येनार न्हाय. लाल फक्त बटनाला. आता आपन लाल वर घातलं..."

"थांब थांब. कुनाचा डोळा?"

"बघनाऱ्याचा."

"त्याला कोन सांगतं कुटं बघ म्हनून?"

"सांगत कोन न्हाय. आपन मांडतो तसं तो बघतो."

ती शिवलीलाकडं बघाय लागली, शिवलीला युवराजकडं.  "म्हंजे कसं की... आता... ते जेवनाच्या ताटात... न्हाय, तसं न्हाय..." त्याला सांगता येईना. नंदीशलाबी नीट सांगता यायचं न्हाय कधी. मिरचीवर जायचा.

सावित्रम्मा म्हनली, "दे तो मोबाईल." चष्म्यातनं बघितलं. नंदीशचं तोंड, सगळं दिसतंय, दाढी, हसताना गालाला पडते ती खळी. ह्याच्यात वाईट वाटन्यासारखं काय हाय? कुनाला भ्या वाटावं असं काय हाय?

मग काय तिच्या मनात आलं कोन जाने. तिनं आपल्या हातानं चष्मा काढला. नंदीश गेल्यापासून मोबाईल बघताना तिनं तो कधी काढला नव्हता. मोबाईल युवराजच्या हातात दिला, "लांब धर" म्हनली, आनि डोळे बारीक केले.

बराच वेळ बघितलं.

"काय दिसतंय आत्या?" शिवलीलानं हळू इचारलं.

"धुकं," ती म्हनली. "धुक्यात एक हार हाय. हारात काय तर काळं हाय." मग म्हनली, "कुनाच्या तर घरात मयत झालंय." आनि तोंडातनं निघून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

 ती अजून डोळे बारीक करून हुडकालती. "भाकरी कुटं हाय रं?"

"खाली हाय काकू. सरकवलं की येती."

"मला दिसत न्हाय."

"कुनालाच दिसत न्हाय काकू."

तिनं चष्मा घातला न्हाय. तसाच हातात धरून बसली. युवराज म्हनला, "काढू का? नंद्यानं केलं व्हतं तसंच करतो. माझ्याजवळ हाय ते."

"काढल्यावर तो कुटं जाईल?"

 युवराज म्हनला, खाली एका कोपऱ्यात बारीक ठेवू. ती म्हनली, पोराला पायाशी ठेवू व्हय?  शिवलीलानं निस्तं पेटीकडं बघितलं. सावित्रम्मानं तिला पेटीकडं बघताना बघितलं, धुक्यातनंच.

"काढ," ती म्हनली. "पन मी बघनार न्हाय." आनि उठून चुलीकडं तोंड करून उभारली. युवराजच्या बोटांचा टकटक आवाज येत राहिला. ती चुलीत एक एक लाकूड घालत राहिली, चूल पेटलेली नसताना.

दुसऱ्या दिवशी युवराजनं दुकानातनं नंदीशचा फोटो छापून, फ्रेम करून आनून दिला. हार न्हाय, समया न्हाय, निस्ता नंदीश. सावित्रम्मा फोटो घेऊन भिंतीम्होरं उभारली. खिळ्याला जागा न्हाय. दोन कॅलेंडरांच्या मधी कसाबसा लावला. मग लांब जाऊन, दाराजवळ उभारून, चष्मा काढला. नंदीश दिसंना. देव दिसंनात, कॅलेंडरं दिसंनात, निस्ती गर्दी दिसली. चौकातल्या फ्लेक्ससारखी.

ती गेली आनि एक कॅलेंडर काढलं. परत दारात आली, बघितलं. मग अजून एक काढलं. मग किराना दुकानाची सगळी. देवांना नमस्कार करून पलीकडच्या भिंतीला लावलं. शिवलीला म्हनली, "आत्या, काय करालाय?"

"म्हाईत न्हाय बाई," ती म्हनली. खरंच म्हाईत नव्हतं तिला.

चनमल्लप्पा आला तवा गावात गड्डा भरला व्हता, रस्त्यानं पिपान्यांचा आवाज येत व्हता. तो येऊन बाजेवर टेकला, चष्मा पुसून परत घातला. शिवलीलानं पानी दिलं. तिच्या हाताला बाजरीचं पीठ लागलेलं व्हतं ते त्यानं बघितलं. शेडात भाकऱ्यांची चळत व्हती, लई मोठी न्हाय, पन व्हती. तो काय इचारनार तोच सावित्रम्माच्या कंबरंचा फोन वाजला.

"हॅलो," ती म्हनली. पुढं 'नंदीशची आई' म्हनायची तिची सवय. ती थांबली. पलीकडनं कुनी तर बाई बोलालती, भरभर. भाकऱ्या बघितल्या, एवढ्या छान दिसत्यात, तीळ लावलेल्या मिळत्यात का, संक्रांतीच्या आधी पोचतील का. त्या बाईला काय म्हाईत नव्हतं. ताप म्हाईत नव्हता, दवाखाना म्हाईत नव्हता. तिला निस्ती भाकरी दिसली व्हती.

सावित्रम्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला.  "मिळत्यात की," म्हनली. "किती पायजेत?"

फोन ठेवून ती उभी राहिली. आपन बरं केलं का वाईट केलं, तिला कळंना. पोराचं नाव न घेता पहिल्यांदाच फोन ठेवला व्हता. शिवलीलाकडं बघून म्हनली, "लीला, मुंबईची हाय. चटनीबी पायजे म्हनती."

शिवलीला तव्याकडं वळली.

"तुझी पेटी कुटं हाय गं?" चनमल्लप्पा म्हनला.

"वर ठेवली अप्पा."

"भरली न्हाय?"

"न्हाय. तुमी जत्रा बघा, जेवा, दोन दिवस राहावा. मला आर्डरी हायत."

तो लेकीकडं बघत राहिला. लेकीनं पीठ मळायला घेतलं व्हतं आनि तिची पाठ त्याच्याकडं व्हती. त्यानं पानी पिलं, भांडं खाली ठेवलं. मग भिंतीकडं बघितलं. ह्या घरात तो कितीदा येऊन गेलेला, ही भिंत त्याला म्हाईत व्हती.

"ईहीनबाई, रंग द्यायला काढलाय का? भिंत मोकळी केली."

"न्हाय."

"मग?"

सावित्रम्मा त्याच्याजवळ गेली. "पाव्हनं, जरा चष्मा काढा."

"का?"

"काढा तर."

चनमल्लप्पानं लेकीकडं बघितलं, हिला काय झालंय म्हनून. शिवलीला मागं वळली न्हाय, पन तिचे हात थांबले. त्यानं चष्मा काढून हातात धरला.

"आता तितं काय दिसतंय सांगा."

"काय दिसनार? मला जवळचंबी दिसत न्हाय, सगळं धुकं हाय."

"धुक्यात पहिलं काय दिसतंय?"

त्यानं डोळे बारीक केले, मान वाकडी केली. मग जरा वेळानं म्हनला, "जावईबापू हायत की."